पेपर त्यांच्या घरचा, मान्य. पण बातमी कुणाची?

सकाळी शिरूरच्या एसटी स्टँडवर नाहीतर दौंड स्टेशनबाहेर चहाच्या टपरीवर दहा मिनिटं थांबून बघा. पेपर एक, वाचणारे सात. आणि सातही जण छातीठोक सांगणार, "सगळे पेपर विकले गेलेत राव!" त्या सातांपैकी एकानेही तो विकत घेतलेला नसतो. घेतलेला असतो टपरीवाल्याने. म्हणून आज जरा कडू लिहितोय. राग आला तरी शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडे पेपर म्हटलं की आधी आठवतो 'सकाळ'. १ जानेवारी १९३२ रोजी डॉ. नानासाहेब परुळेकरांनी तो पुण्यात सुरू केला. माणूस अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेला. पुढाऱ्यांच्या भाषणांपेक्षा साध्या माणसाच्या रोजच्या बातमीला त्यांनी मोठं मानलं. गावोगावी बातमीदार नेमले, वाचकांच्या पत्रांना जागा दिली. तालुक्याची बातमी ही पण बातमी असते, हे आपल्या भागाला या पेपरने शिकवलं.

आता एक गोष्ट सांगतो, जी फार कमी जणांना माहीत आहे. १९६० साली केंद्र सरकारने आदेश काढला, की पेपरने किती पानं द्यायची ते त्याच्या किमतीवर ठरणार. पानं वाढवायची तर किंमत वाढवा. जाहिरातींच्या जागेवरही बंधन. तेव्हा 'सकाळ' सात नव्या पैशांना मिळायचा. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, रोजचा खप ५२ हजार, आणि साधारण ४० टक्के जागा जाहिरातींची. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली. आणि तिच्याबरोबर कोण गेलं? दोन वाचक! स्वतःची याचिका घेऊन. सप्टेंबर १९६१ मध्ये घटनापीठाने तो आदेश आणि त्यामागचं कलम घटनाबाह्य ठरवलं. कायद्याची पोरं आजही हा निकाल अभ्यासतात.

म्हणजे बघा, आपल्या पेपरची पानं कमी होऊ नयेत म्हणून एकेकाळी वाचक दिल्लीपर्यंत भांडले. आणि आपण? सकाळी व्हॉट्सॲपवर फुकटची पीडीएफ पडली की खूश.

जानेवारी १९७३ मध्ये नानासाहेब गेले. १९८५ मध्ये 'सकाळ' पवार कुटुंबाकडे आला. मालकीचा वाद कोर्टापर्यंत गेला, ते सगळं जुनं झालं. मला मालक बदलल्याचं दुःख नाही. पेपर एका घराचा असणं हा गुन्हाही नाही. 'नवाकाळ' खाडिलकरांच्या घरचाच. तो काढणाऱ्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांना इंग्रजांनी १९२९ मध्ये राजद्रोहासाठी तुरुंगात टाकलं. पुढे मुलाने, नातवाने तोच पेपर चालवला. 'पुढारी' कोल्हापूरच्या जाधवांचा, 'लोकमत' दर्डांचा. घर असू द्या. प्रश्न वेगळा आहे.

प्रश्न पहिला. २०२४ ची बारामतीची लोकसभा आठवा. नणंद विरुद्ध भावजय. दौंडच्या मतदाराने त्यात मत दिलं. ज्या घराचा पेपर, त्याच घरातल्या दोन्ही उमेदवार. बातम्यांत झुकतं माप दिलं, असा आरोप मी करत नाही. माझं म्हणणं इतकंच की मालकाच्या नात्यातल्या माणसाची बातमी असेल, तर खाली एक ओळ छापायचा नियम हवा: 'यांचं आमच्या मालकांशी अमुक नातं आहे.' हा नियम दर्डांनाही लागू, सगळ्यांनाच लागू. दडवायचं नसेल तर एका ओळीची अडचण काय?

प्रश्न दुसरा, आणि खरा दुखरा. तालुक्याचा बातमीदार जगतो कशावर? माझा एक मित्र हे काम करतो. पेपरचं नाव सांगत नाही, त्याची रोजीरोटी आहे. मानधन इतकं, की महिन्याच्या पेट्रोललाही पुरत नाही. वर वर्धापनदिनाच्या पुरवणीसाठी जाहिरातींचं टार्गेट. त्या आणायच्या कुणाकडून? कारखान्याच्या संचालकाकडून, बिल्डरकडून, 'भावी आमदारा'कडून. आज ज्याच्या वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात आणली, उद्या त्याच्या वाळूच्या ट्रकबद्दल तो लिहील कसा? मुळा-मुठेचं घाण पाणी दौंडच्या विहिरींत उतरतंय, चासकमानचं आवर्तन शिरूरच्या शेवटच्या गावापर्यंत पोचत नाही, हे लिहायला पोटात अन्न आणि पाठीशी पेपर लागतो. त्याला दोन्ही नाही.

आणि तरीही टपरीवर शिवी कुणाला? त्यालाच!

म्हणून चार मागण्या. एक, तालुका बातमीदाराला बातमीचे पैसे द्या, जाहिरातीचं कमिशन नको. जाहिराती आणायला वेगळा माणूस ठेवा. दोन, पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ठळक 'जाहिरात' लिहा. तीन, मालकाच्या नात्याची ती एक ओळ. चौथी मागणी मालकांकडे नाही, तुमच्या-माझ्याकडे. घरी एक तरी पेपर विकत घ्या. कुठलाही घ्या. आणि बातमी खोटी वाटली, अर्धवट वाटली, तर संपादकाला नाव-गावासकट पत्र लिहा. मी दर महिन्याला एक लिहायचं ठरवलंय.

पेपर त्यांच्या घरचा आहे, मान्य. पण पाणी आपल्या विहिरीचं आहे. जो पैसे देतो त्याचंच पेपर ऐकतो. आपण दमडी न देता पेपर आपला असावा म्हणतो, हे कसं चालेल?

तुमच्या घरी कोणता पेपर येतो, आणि विकतचा की फुकटचा? खाली खरं खरं लिहा.