पार्थिव मूर्तीचा समग्र हिशेब

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस घरी येणाऱ्या मूर्तीस आपल्या परंपरेने ‘पार्थिव’ म्हटले आहे. मातीतून घडावी, प्राणप्रतिष्ठेने पूज्य व्हावी आणि उत्तरपूजेनंतर पुन्हा मातीस मिळावी, असा तिचा क्रम. वस्तूची पारख उगमापासून अंतापर्यंत करावी, हा विचार आज उद्योगजगतात ‘जीवनचक्र मूल्यांकन’ या नावाने रूढ आहे. १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने आपल्या शीतपेयाच्या बाटल्या-डब्यांची अशी तपासणी अमेरिकेत करविली होती. बाटलीस जो निकष लावला जातो, तो भाविकाने मूर्तीस लावून पाहण्यात आम्हांस काही गैर दिसत नाही.

प्लास्टर ऑफ पॅरिसचा प्रवास पाहा. बव्हंशी राजस्थानात निघणारे जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यातील बरेचसे पाणी घालविले, की ही भुकटी होते. पाणी मिळताच साच्यात तिचे पुन्हा जिप्सम बनते. मूर्ती हलकी, रेखीव आणि स्वस्त. पेणच्या कारखान्यांतील कितीतरी हातांना तिने काम दिले आहे, हे विसरून कारागिरांस दोष देणे अन्यायाचे होईल. परंतु लिटरभर पाण्यात जिप्सम विरघळते ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. पाच किलोच्या मूर्तीस सुमारे दोन हजार लिटर पाणी हवे. तेथे घरची बादली ती काय! अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर पडलेले भग्न अवयव ज्याने पाहिले, त्यास विसर्जन खरोखर झाले काय, हा प्रश्न पडल्यावाचून राहत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० च्या सुधारित मार्गदर्शक तत्त्वांत प्लास्टरच्या मूर्तींस मज्जाव केला. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या घडविण्याची वाट मोकळी केली. मात्र परवानगीवाचून नैसर्गिक जलाशयांत त्यांचे विसर्जन नको, असे बजावले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात अशी मूर्ती विरघळविण्याची रीत दाखविली आहे. त्यातून अमोनियम सल्फेट हे खत मिळते. उपाय उपयुक्त खरा. पण ते रसायनही कोठल्या तरी कारखान्यातच तयार होते, आणि हिशेबात तोही खर्च धरावा लागतो.

मग शाडू घेतला की सुटलो? तसेही नाही. मुंबई-पुण्यास येणारी ही माती बरीचशी गुजरातेतून मालमोटारींनी येते. ती जड असते, खणून काढावी लागते, आणि तळ्यात हजारो मूर्ती गेल्या तर तिचाही गाळ साचतोच. वर चमकदार तैलरंग चढविले, तर पार्थिवतेचे नावच उरते. शाडूचा खरा गुण निराळा आहे: ती माती भाजलेली नसते. वीतभर उंचीची, नैसर्गिक रंगांची मूर्ती घरच्या बादलीत विसर्जित केली, की काही काळाने तळाशी मऊ चिखल उरतो. तो वाळवून मूर्तिकाराकडे परत दिला, तर नवी खाण नको आणि दूरची वाहतूकही नको. पुष्कळ घरांत विसर्जनानंतर नदीकाठची मूठभर वाळू पाटावर ठेवून घरी आणतात. बादलीतील ही माती त्याच श्रद्धेने जपता येईल. मूर्तीची मागणी नोंदविताना किंमत आणि उंची आपण विचारतोच. माती कोठली, रंग कोणता आणि उरलेली माती परत घ्याल का, हेही या वर्षी मूर्तिकारास विचारावे.