द्राक्षबागेतल्या तांब्याचा ताळेबंद

ऑक्टोबर छाटणीनंतर आभाळ भरून आले की नाशिकच्या निफाड-दिंडोरीचा बागाईतदार डाऊनी या बुरशीजन्य रोगाच्या धास्तीने मोरचूद आणि चुना भिजवायला घेतो. फ्रान्सच्या मिलार्दे यांनी 1885 मध्ये मांडलेले हे बोर्डो मिश्रण आजही स्वस्त आणि खात्रीचे आहे. एक टक्का मिश्रणासाठी 100 लिटर पाण्यात किलोभर मोरचूद पडते, त्यात पाव किलो निव्वळ तांबे. एकरी 400 लिटर फवारले, तर एका फवारणीत किलोभर तांबे बागेत उतरते, म्हणजे हेक्टरी अडीच किलो. युरोपीय संघाने 2019 पासून सात वर्षांत हेक्टरी 28 किलोंची मर्यादा घातली आहे. वर्षाला सरासरी चार किलो. दोन फवारण्यांतच ही वार्षिक सरासरी ओलांडली जाते.

हे तांबे माती पचवून टाकेल, असे वाटू शकते. पवईच्या आयआयटीत रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक एच. एस. शंकर यांनी ‘सॉइल बायोटेक्नॉलॉजी’ विकसित केली. तीत सांडपाणी मातीच्या थरातून झिरपते आणि जिवाणू, गांडुळे त्यातली घाण पचवतात. माती काय काय पचवू शकते, याचा हा लखलखीत पुरावा. पण ही किमया सेंद्रिय घाणीपुरती आहे. तांबे मूलद्रव्य आहे. कोणताही जिवाणू ते मोडत नाही. रसायन अभियंता पहिल्या वर्षी वस्तुमानाचा ताळेबंद मांडायला शिकतो. आत आलेले बाहेर गेले नसेल, तर ते आतच साठले आहे.

बाहेर काढणे सोपे नाही. ईडीटीए या धातू बांधून घेणाऱ्या रसायनाने माती धुतली, तर तांब्याबरोबर कॅल्शियम आणि लोहही निघते आणि दूषित धुवण उरते. मोहरी तांबे शोषते, पण फार सावकाश. नाशिकची चुनखडीची काळी जमीन तांबे घट्ट धरून ठेवते. वेलीला लगेच काही जाणवत नाही, म्हणून कोणी लक्षही देत नाही. वरच्या थरातल्या गांडुळांना मात्र साचत गेलेले तांबे सोसत नाही.

2015 मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेच्या 12 घटकांत तांबे आहे, पण सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून. किलोमागे 0.2 मिलिग्रॅमपेक्षा कमी भरले, तर कमतरता. जास्त भरले, तर ‘पुरेसे’. द्राक्षाच्या जिल्ह्याला हा निकष अपुरा आहे. निर्यातीच्या घडातले औषधांचे अंश आपण काटेकोर तपासतो, मग जमिनीची तपासणी अर्धवट का? कृषी विभागाने बागायती पट्ट्यात एकूण तांबे मोजावे आणि पत्रिकेवर धोक्याची मर्यादा छापावी. बागाईतदारांनी तोवर फवारणीच्या वहीतल्या मोरचुदाची वर्षाची बेरीज मांडावी, आणि पुढच्या छाटणीआधी माती तपासायला देताना एकूण तांब्याची तपासणी मागून घ्यावी.