गाडीच्या नावाचे कार्ड आणि हळदीची पट्टी

नांदेडच्या शोरूममध्ये गाडीची किल्ली हातात पडते तेव्हा हार, नारळ आणि पेढ्यांच्या जोडीला कधी कधी एक अर्जही पुढे सरकतो. गाडीच्या कंपनीचे नाव मिरवणारे क्रेडिट कार्ड! पहिल्या वर्षी फी नाही, सर्व्हिसिंगवर घसघशीत पॉइंट, पेट्रोलवरचा अधिभार माफ. वसमत-सेनगावचा खरेदीदार त्या आनंदात सही करून मोकळा होतो. पुढे स्टेटमेंटची घडी खिशात घालून तो येतो आपल्याकडे, म्हणजे करसल्लागार आणि अर्थसल्लागारांकडे.

अशा कार्डाचा विचार करताना आपण पॉइंटचा दर आधी पाहतो. तो शेवटी पाहावा. ग्राहकाच्या घरी पैसा कधी येतो, हे आधी विचारावे. हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनचा पैसा दिवाळीच्या आगेमागे येतो. हळदीचा त्याहून उशिरा: शिजवून, वाळवून, पॉलिश करून माल मोंढ्यात गेला, बीट झाले आणि आडत्याने पट्टी केली की मग. कार्डाचे बिल मात्र दर महिन्याला दारात. ऑगस्टमध्ये ५०,००० रुपये थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असले, तर १,७५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५, असे एका महिन्यात २,०६५ रुपये गेले. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही गेली.

आता लाभाची बाजू. उदाहरणापुरते धरू: वर्षाचे सर्व्हिसिंग १६,००० रुपये आणि त्यावर ५ टक्के, म्हणजे ८०० रुपये. दुसऱ्या वर्षापासून फी ९९९, जीएसटीसह १,१७९. तूट ३७९ रुपयांची. शंभर रुपयांना २५ पैशांचा एक पॉइंट या दराने ती भरून काढायला दीड लाखाची इतर खरेदी हवी. अधिभारमाफी तर मी लाभात धरतच नाही. रोखीने किंवा यूपीआयने पेट्रोल भरणाऱ्याला तो अधिभार मुळात लागतच नाही.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९९२ मध्ये असे कार्ड आणले. खरेदीच्या ५ टक्के रक्कम जमा होई, पण वापरता येई ती त्याच कंपनीची नवी गाडी घेताना. पाठोपाठ फोर्डनेही सिटीबँकेबरोबर कार्ड काढले आणि १९९७ च्या अखेरीस गुंडाळले. असे पॉइंट म्हणजे पुढच्या गाडीवरची आगाऊ सूट. आपल्याकडे एक गाडी दहा-बारा वर्षे पुरवून वापरणाऱ्याला ती कधी उपयोगी पडणार?

कर्ज देणारी बँक असते, गाडीची कंपनी नव्हे. हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे लागते, कारण तक्रार घेऊन तो शोरूमला जातो. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या निर्देशांनी गाडीच्या कंपनीसारख्या भागीदाराचे काम कार्डाचा प्रचार, वितरण आणि आपल्या मालावरच्या सवलती एवढ्यापुरते ठेवले आहे. न मागता कार्ड देण्यास बंदी आहे. थकबाकी नसेल तर कार्ड बंद करण्याची विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करावी लागते, नाहीतर बँक ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये दंड देणे लागते. ही शेवटची तरतूद कितीजण वापरतात, कोण जाणे!

हे कार्ड कोणाला चालेल? पगार ठरलेल्या तारखेला जमा होणाऱ्या आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळते करणाऱ्या शिक्षकाला, तेही फी माफ होत असेल तर. अकोला-हिंगोली-नांदेड रस्त्यावर सतत फिरणाऱ्या औषधविक्रेत्याने तेल कंपनीच्या कार्डाशी तुलना करून पाहावी. पट्टीवर घर चालवणाऱ्याला आमचा सल्ला नकाराचाच आहे.

आणि एक विनंती. अर्ज मिळवून दिल्याबद्दल आपल्याला कोणाकडून मोबदला मिळत असेल, तर सल्ला देण्यापूर्वी तो आकडा ग्राहकाला लेखी द्या.