पोर सारखी का लोळते?

दहावी-बारावीचं वर्ष सुरू झालं की घरोघरी एक तक्रार ऐकू येते: ‘पोर नुसती लोळत असते, पुस्तक उघडलं की जांभया.’ त्यावर घरचं निदानही ठरलेलं: आळस आणि मोबाइल. मोबाइलचा दोष खराच. या वयात आठ ते दहा तास झोप लागते आणि रात्री एकपर्यंत जागणाऱ्याला ती मिळत नाही. पण पुरेसं झोपूनही दोन-तीन आठवडे थकवा हटत नसेल, तर बोल लावण्याआधी रक्त तपासावं.

पहिला संशय रक्तक्षयाचा. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. मुलग्यांमध्येही हे प्रमाण ३१ टक्के होतं, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. मुलींचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली असणं म्हणजे रक्तक्षय. ‘आमच्याकडे सगळ्यांचं दहाच असतं’ हे उत्तर नव्हे. जिना चढताना धाप, छातीत धडधड, केस गळणं, खडू किंवा माती खावीशी वाटणं या खुणा ओळखाव्यात. पाळीत दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागत असेल तर ते ‘अंगावरून जास्त जातं’ म्हणून सोडून देऊ नये. हिमोग्लोबिन ठीक असूनही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. तो फेरिटिनच्या तपासणीत कळतो. पोह्यांसोबतचा आपला लाडका चहा लोह शोषू देत नाही, पोह्यांवर पिळलेलं लिंबू मात्र मदत करतं. शाळेत दर आठवड्याला मिळणारी निळी गोळी मळमळते म्हणून मुली फेकून देतात. ती जेवणानंतर घ्यावी. शौचाचा रंग काळा झाला तरी घाबरू नये. गडचिरोली, नंदुरबारसारख्या भागांत सिकलसेलची चाचणीही हवी.

रक्तक्षय नसला तरी शोध थांबवू नये. वजन वाढणं, थंडी सोसेनाशी होणं, बद्धकोष्ठता असेल तर थायरॉइड पाहावं. दूध-दहीही फारसं न घेणाऱ्या शाकाहारी मुलांत बी-१२ कमी असू शकतं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप आणि घटतं वजन असेल तर क्षयरोगाची तपासणी लांबवू नये. खूप तहान, सारखी लघवी आणि झपाट्याने वाळणं ही मधुमेहाची चिन्हं आहेत. तेव्हा उद्याची वाट न पाहता त्याच दिवशी साखर तपासावी.

सगळे रिपोर्ट चांगले आले, तरी ‘बघ, नाटकंच होती’ असं म्हणू नये. नैराश्य या वयात रडण्यापेक्षा चिडचिड आणि थकवा होऊन दिसतं. आणि एक विनंती: डॉक्टरांनी मुलीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं आईने देऊ नयेत. पाच मिनिटं बाहेर बसावं.