चार तासांचे लंडन

आपल्या ओळखीच्या घरांत परदेशप्रवासाचे आता फारसे नवल राहिलेले नाही. कोणाची मुलगी टोरंटोला असते, कोणाचा मुलगा शिकागोला. आईवडील एकदा तरी तिकडे जाऊन येतात आणि जाताना लंडन, पॅरिस किंवा ॲम्स्टरडॅमला विमान बदलतात. दोन विमानांच्या मध्ये कधी आठ-दहा तास मिळतात. या तासांचे काय करायचे, याची दोनच उत्तरे मी आजवर ऐकत आले. एक म्हणजे, विमानतळावरच बसून राहा, उगाच जोखीम नको. दुसरे म्हणजे, टॅक्सी करा आणि जेवढे उरकेल तेवढे उरकून घ्या, पुन्हा कधी येणार? मला ही दोन्ही उत्तरे पटत नाहीत. का पटत नाहीत, ते सांगते.

२०२५ च्या मे महिन्यात, शाळेच्या सुट्टीत, मी अम्मीला घेऊन धाकट्या बहिणीकडे टोरंटोला गेले. लंडनला सकाळी साडेसातला उतरायचे होते आणि पुढचे विमान संध्याकाळी साडेपाचला होते. दहा तास! भाच्याने लगेच मोबाइलवर यादी पाठवली : बिग बेन, लंडन आय, टॉवर ब्रिज, बकिंगहॅम पॅलेस, ब्रिटिश म्युझियम, शेवटी ऑक्सफर्ड स्ट्रीट. खाली लिहिले होते, ‘खाला, आरामात होईल.’

मी कागदावर हिशेब मांडला. विमानातून उतरून इमिग्रेशनमधून बाहेर पडायला दीड तास. पुढच्या विमानासाठी तीन तास आधी परत यायचे. शहरात जायला एक तास, यायला एक तास. दहातून साडेसहा गेले, उरले साडेतीन. फार तर चार. त्यात अम्मीचे गुडघे. दर पंधरा मिनिटांनी तिला बसावे लागते. भाच्याच्या यादीतल्या सहा ठिकाणांपैकी पाच ठिकाणी आम्ही फक्त रस्ता ओलांडला असता आणि सहाव्या ठिकाणी भांडलो असतो.

तेव्हा मला एक साधी गोष्ट आठवली. सफरमध्ये आपण कस्र करतो. चार रकातींच्या जागी दोन पढतो. नमाज तीच, फक्त प्रवाशाला झेपेल एवढी केलेली. जी सवलत आपण इबादतीत आनंदाने घेतो, ती पर्यटनात घ्यायला मात्र आपल्याला लाज का वाटते? मी यादीचीच कस्र केली. ठरवले, एकच भाग पाहायचा, पायी पाहायचा आणि वाटेल तिथे बसायचे.

भाग निवडला तो अगदी घरगुती कारणांनी. हीथ्रो विमानतळावरून एलिझाबेथ लाइनची गाडी न बदलता थेट व्हाइटचॅपलला जाते. स्टेशनला लिफ्ट आहे. स्टेशनपासून पाच मिनिटांवर ईस्ट लंडन मशीद आहे आणि तिथे बायकांसाठी नमाजची स्वतंत्र सोय आहे. हलाल जेवणाची चिंता नाही. तिथे जाऊन मला काही शिकायला मिळेल, असे मनात नव्हते. खरे तर अम्मीला जिने चढावे लागू नयेत, एवढेच मनात होते.

आधी काही व्यवहाराच्या गोष्टी. भारतीय पासपोर्टवर विमानतळाबाहेर पडायचे तर व्हिसा लागतो. ट्रान्झिटच्या सवलती आणि त्यांच्या अटी बदलत राहतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नये. आम्ही ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा आधीच काढला होता. सामान थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत लावले आहे का, हे मुंबईतच विचारून घ्यावे. गाडीत बँकेचे कार्ड टेकवून जाता येते, पण माणशी एक कार्ड लागते. एका कार्डावर दोघे जात नाहीत.

व्हाइटचॅपल स्टेशनबाहेर आलो आणि अम्मी थबकली. स्टेशनच्या नावाची पाटी इंग्रजीत होती आणि बंगालीतही. २०२२ पासून ती तशी आहे. या भागात सिल्हेटहून आलेल्या बांगलादेशींच्या तीन-चार पिढ्या राहतात, म्हणून. आम्ही गेलो त्याच वर्षी फेब्रुवारीत तिथल्या एका खासदाराने मागणी केली होती, की लंडनच्या स्टेशनचे नाव फक्त इंग्रजीत हवे. ते वाचले तेव्हा मला थेट आपले पातूर आठवले होते. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूतही नाव आहे. त्यावर हरकत घेतली गेली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि १५ एप्रिल २०२५ ला न्यायालयाने उर्दू पाटी कायम ठेवली. भाषा म्हणजे धर्म नव्हे, उर्दू याच भूमीत जन्मली, असे न्यायालयाने स्पष्ट सांगितले. त्या दिवशी आमच्या स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. मीही खाल्ले होते.

व्हाइटचॅपल रोडवरून आम्ही सावकाश पश्चिमेकडे निघालो. रस्त्यावर बाजार मांडलेला होता. कारली, भेंडी, आंबे, कपडे. अम्मी म्हणाली, ‘ये तो अपना बाजारच दिखता.’ मशिदीजवळ बसलो. या मशिदीची सुरुवात १९१० मध्ये निधी उभारण्यापासून झाली. कुरआनचे इंग्रजी भाषांतर करणारे अब्दुल्ला यूसुफ अली तिच्या विश्वस्तांपैकी एक होते आणि त्यांचा जन्म मुंबईचा. मशिदीला लागूनच एक जुने सिनेगॉग आहे. यहुदी वस्ती या भागातून हळूहळू दुसरीकडे गेली, सिनेगॉग ओस पडले आणि २०१५ मध्ये मशिदीने ती वास्तू रीतसर विकत घेतली.

आणखी पाच मिनिटांवर एक छोटी बाग लागते. एकेकाळी इथे चर्च होते. ज्या पांढऱ्या चॅपलवरून या भागाला व्हाइटचॅपल हे नाव पडले, त्याच जागेवरचे. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात ते उद्ध्वस्त झाले. आज बागेचे नाव आहे अल्ताब अली पार्क. अल्ताब अली हा कपड्यांच्या कारखान्यातला तरुण बांगलादेशी कामगार. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी कामावरून घरी जाताना वंशद्वेषातून याच बागेजवळ त्याचा खून झाला. त्यानंतर हजारो लोक त्याची शवपेटी घेऊन लंडनच्या रस्त्यांवर उतरले. १९९८ मध्ये बागेला त्याचे नाव दिले गेले. म्हणजे बंगाली पाटी काही कोणी प्रेमाने आणून लावलेली नाही. तिच्यामागे बराच जुना हिशेब आहे.

बागेच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या चौकटी उभ्या दिसल्या. मधली चौकट उंच आणि पुढे झुकलेली, मागे लाल वर्तुळ. मी ओळखले. ढाक्याच्या शहीद मिनारची ही छोटी प्रतिकृती.

अम्मीने विचारले, ‘ये क्या है?’

‘शहीद मिनार, अम्मी.’

‘जंग में शहीद हुए क्या?’

‘नहीं. जबान के वास्ते.’

अम्मीचा चेहरा खुलला. ‘उर्दू के वास्ते?’

मला उत्तर देता येईना. मी उर्दू शिकवते. मराठीही शिकवते. दरवर्षी २१ फेब्रुवारीला शाळेत आंतरराष्ट्रीय मातृभाषा दिन साजरा होतो, त्याचे सूत्रसंचालन माझ्याकडे असते. मुलांना मी दरवर्षी सांगत आले, की १९५२ मध्ये या दिवशी ढाक्यात विद्यार्थ्यांनी मातृभाषेसाठी प्राण दिले. त्यांच्यावर कोणती भाषा लादली जात होती, ते मात्र मी कधी सांगितले नाही. कोणी विचारले नाही आणि मी विषय पुढे नेला. १९४८ मध्ये जिनांनी ढाक्यात जाहीर केले होते, की पाकिस्तानची राज्यभाषा उर्दू आणि फक्त उर्दूच असेल. त्या वेळी पाकिस्तानातल्या अर्ध्याहून जास्त लोकांची भाषा बंगाली होती. चार वर्षांनी विद्यार्थी रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळ्या चालवल्या. १९५६ च्या राज्यघटनेत बंगालीला उर्दूच्या बरोबरीचा दर्जा मिळाला, पण तोवर मने फाटली होती. गोळ्या चालवणारे आणि मरणारे, दोघेही कलमा पढणारेच होते.

शेवटी मी अम्मीला सांगितले, ‘नहीं अम्मी. उर्दूच चलेगी बोले, तो ये बच्चे हमना नको बोले.’

अम्मी थोडा वेळ चौकटींकडे पाहत राहिली. मग म्हणाली, ‘जबरदस्ती किया तो किसकू अच्छा लगता?’

तिने एका वाक्यात विषय संपवला. माझा मात्र तिथून सुरू झाला. पातूरच्या पाटीसाठी मी पेढा खाल्ला तो कशाच्या आनंदाने? ‘आपली’ भाषा जिंकली म्हणून? तसे असेल, तर त्या बागेत मी गोळ्या झाडणाऱ्यांच्या बाजूला उभी होते. की लोक जी भाषा बोलतात ती दुसऱ्या भाषेशेजारी लिहिता आली पाहिजे, या तत्त्वाचा आनंद होता? तसे असेल, तर ढाक्याचे विद्यार्थी माझ्या बाजूचे होते आणि मी त्यांची अर्धी गोष्ट लपवत होते. एका वेळी दोन्ही खरे असू शकत नाही. उर्दूवर प्रेम करणाऱ्याने उर्दूच्या नावाने झालेली सक्तीही सांगितली पाहिजे, नाहीतर उर्दूवरच्या अन्यायाबद्दल बोलण्याचा त्याचा हक्क कमजोर होतो. मराठीवर प्रेम करणाऱ्यालाही हेच लागू आहे. त्याच उन्हाळ्यात महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी लादण्यावरून रान उठले होते. सक्ती आपल्यावर आली की ती आपल्याला चटकन दिसते.

आणि ज्या बोलीत आम्ही हे बोलत होतो तिचे काय? अम्मीच्या उर्दूतला ‘नको’ मराठीतून आलेला आहे. ना कोणी तो लादला, ना कोणी परत मागितला.

बागेतून आम्ही ब्रिक लेनला गेलो. तिथे फोर्निये स्ट्रीटच्या कोपऱ्यावर एक विटांची इमारत आहे. १७४३ मध्ये फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंट लोकांनी ती चर्च म्हणून बांधली. पुढे ती मेथडिस्ट पंथाचे चॅपल झाली, १८९८ मध्ये सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून ती मशीद आहे. वर बांधणीच्या काळचे सूर्यघड्याळ आहे. माणूस म्हणजे सावली, अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द त्यावर कोरलेले आहेत. मुसलमानांनी ते काढलेले नाहीत. त्याआधी यहुद्यांनीही नाही. प्रार्थनास्थळांच्या वादात वाढलेल्या आपल्यासारख्यांनी या इमारतीसमोर पाच मिनिटे नुसते उभे राहावे. मात्र लगेच ‘पाहा, लंडन किती थोर’ असेही म्हणू नये. याच वस्तीत अल्ताब अली मारला गेला, हे विसरून चालणार नाही.

चहा घेऊन आम्ही परत मशिदीकडे आलो. जोहरची वेळ झाली होती. दोन रकाती पढलो, अम्मीने खुर्चीवर बसून. दीडला गाडीत बसलो. विमानतळावर पोहोचलो तेव्हा हातात वेळ होता आणि दोघींपैकी कोणीही चिडलेले नव्हते. बिग बेन पाहिला नाही. भाचा अजून चिडवतो.

या वर्षी २१ फेब्रुवारीला मी मुलांना पूर्ण गोष्ट सांगितली. सातवीतल्या एका मुलीने हात वर केला. ‘टीचर, म्हणजे उर्दू वाईट आहे का?’ मी म्हणाले, नाही. भाषा वाईट नसते, ‘हीच बोला’ म्हणणे वाईट असते. ती बसली, पण तिला ते पूर्ण पटले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. पुढच्या तासाला तिने पुन्हा विचारले, तेव्हा पातूरची पाटी फळ्यावर लिहून दाखवली. वर मराठी, खाली उर्दू.

आता नात्यातले कोणी निघाले की माझ्याकडे यादी मागतात. मी यादी देत नाही. मी विचारते, तुम्हाला कशाबद्दल जाणून घ्यायचे आहे? बाबासाहेब ज्या घरात राहून शिकले, ते लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर महाराष्ट्र शासनाने विकत घेऊन तिथे स्मारक केले आहे. ज्याला ते पाहायचे आहे, त्याने तेवढेच पाहावे. पॅरिसला उतरणार असाल, तर पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी मेलेल्या मुसलमान सैनिकांच्या आठवणीत उभी राहिलेली १९२६ ची मशीद आहे. तिथे चहा घेत बसावे आणि ते सैनिक कुठून आणले गेले होते, ते वाचावे. एका ठिकाणी दोन तास द्या. सोबत म्हातारे माणूस असेल तर त्याच्या चालीने चाला. तो काय विचारतो, ते ऐका. मी अम्मीच्या चालीने चालले नसते, तर त्या चौकटींसमोरून फोटो काढून पुढे गेले असते.