फोटोपुरते कपडे

सरळ मुद्द्यावर येतो. लहान मुलांचा 'फॅन्सी ड्रेस' म्हणून बाजारात जे काही विकलं जातं त्याला कपडे म्हणणं हा कपड्यांचा अपमान आहे. ते फोटोचं सामान आहे. सकाळी आठला चढवायचं, साडेदहाला स्टेजवर दोन ओळी म्हणायच्या, बाबांनी मोबाईलवर चाळीस फोटो काढायचे आणि दुपारी फेकून द्यायचं. आणि हेच सामान आपण मुलांना खेळायला म्हणून देतो, मग ते फाटलं की ओरडतो मुलांवर!

मला हा शोध लागायचं कारण माझी भाची. वय वर्षं पाच. ताईला शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असतं, त्यामुळे स्वारी आमच्याकडे. एका दुपारी ती आधी डॉक्टर असते, मग पोस्टमन, मग वाघ, मग परत डॉक्टर, पण या वेळी वाघांची डॉक्टर. पेशंट अर्थातच मामा. तिला टिकाऊ असे काही वेश घ्यावेत म्हणून मी चार शनिवार तुळशीबाग, लक्ष्मी रोड आणि इंटरनेट असं सगळं पालथं घातलं. परीचा झगा आणला, वाघाचा अंगरखा आणला, डॉक्टरचा कोट आणला. एकही दुसऱ्या महिन्यापर्यंत पोचला नाही. इंजिनियर माणूस, गप्प कसा बसणार? तिन्ही कपडे उलटे करून शिवण पाहिली.

काय दिसलं ते सांगतो. कापड पॉलिएस्टर सॅटिन, चकचकीत आणि निसरडं. या कापडाची कड मोकळी ठेवली की धागे सुटतात, म्हणून तिला इंटरलॉक लागतं. ते नव्हतं. शिवणीच्या आत जी माया ठेवायची असते ती जेमतेम अर्धा सेंटिमीटर. म्हणजे धागे सुटत सुटत टाक्यापर्यंत पोचले की शिवण आपोआप उघडी. झग्याची टीप साखळीटाक्याची. हा टाका पटापट होतो, पण एक टोक सुटलं आणि ओढलं गेलं की तांदळाच्या पोत्यासारखी सगळी रांग उसवते. पोत्याला ते हवंच असतं, झग्याला नको असतं. खडे गोंदाने डकवलेले. वेल्क्रोची काटेरी बाजू सॅटिनला घासून घासून कापडाचे तंतू ओढून काढत होती. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे बगल. हात खाली सोडून उभं राहिलं तर छान बसते, हात वर केला की टर्र. वाघाचं तेच. उकिडवा बसला की दोन पायांच्या मधली शिवण गेली. वाघाने उकिडवं बसायचं नाही तर करायचं काय?

आमच्या धंद्यात याला डेमो म्हणतात. क्लायंटसमोर ठरलेली चार बटणं ठरलेल्या क्रमाने दाबायची, पाचवं दाबायचं नाही. डेमो डेमो म्हणून दाखवला तर त्यात पाप काही नाही. पण तोच डेमो प्रॉडक्शन म्हणून विकला तर क्लायंट आपली सालं काढेल. इथे क्लायंट पाच वर्षांचा असतो, त्याला सालं काढता येत नाहीत, तो रडतो.

आता दोष नुसत्या कारखानदाराला देऊन चालणार नाही. त्याला गिऱ्हाईक जे मागतं ते तो बनवतो. आणि गिऱ्हाईक मुलं नाहीतच, गिऱ्हाईक आहेत शाळा. वर्षाचं कॅलेंडर काढून बघा. आषाढीला दिंडी, म्हणून विठोबा, रखुमाई आणि वारकरी. गोकुळाष्टमीला कृष्ण आणि राधा. पंधरा ऑगस्टला नेहरू, टिळक आणि झाशीची राणी. चौदा नोव्हेंबरला 'काहीही, पण वेगळं'. एकोणीस फेब्रुवारीला मावळे. दर वेळी दोन दिवस आधी डायरीत चिठ्ठी. दोन दिवसांत शिंपी शिवून देत नाही, म्हणजे विकत घ्या किंवा भाड्याने आणा. भाड्याचं तर विचारूच नका. ताईने कृष्णाचा ड्रेस साडेतीनशे भाडं आणि पाचशे अनामत भरून आणला होता. मग सकाळभर आमचा कृष्ण 'बसू नकोस, चुरगळेल', 'पाणी सांडेल', 'पळू नकोस, अनामत जाईल' हे ऐकत उभा. गोकुळात यशोदासुद्धा एवढी मागे लागली नसेल!

यात मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्याकडे पोळ्या करायला ज्या मावशी येतात त्यांचा मुलगा दुसरीत आहे. एका अशाच वेशभूषेच्या दिवशी तो घरी बसला. विचारलं तर मावशी म्हणाल्या, "दादा, एका सकाळसाठी पाचशे रुपये घालायचे होय? ताप आलाय म्हणून सांगितलं." त्या मुलाला ताप नव्हता, तो आमच्या पार्किंगमध्ये डोक्याला टॉवेल गुंडाळून फेटा करून वॉचमनच्या काठीवर बसून दौडत होता. शाळेत बक्षीस ज्या कोणाला मिळालं असेल त्याच्यापेक्षा तो जास्त मावळा होता, आणि नेमका तोच गैरहजर. काठीचा घोडा ही काही किरकोळ गोष्ट नाही बरं. लेव्ह व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली मुलांच्या खेळावर जे व्याख्यान दिलं त्यात नेमकं हेच उदाहरण आहे. काठी हातात असताना घोडा मनात धरता येणं, वस्तू आणि तिचा अर्थ यांना वेगळं करता येणं, ही विचारशक्तीची मोठी उडी आहे असं त्याचं म्हणणं. आपण मुलांना आयाळ, शेपूट आणि बॅटरीवर खिंकाळणारा घोडा देतो आणि ती उडी त्यांच्या वतीने आपणच मारून टाकतो.

बरं, आपल्याकडे खेळासाठी टिकाऊ वस्तू करायची अक्कल नव्हती अशातला भाग नाही. भातुकली आठवा. आजीची पितळेची भातुकली आईने खेळली, ताईने खेळली, आता भाची खेळते. बंब, पाटा-वरवंटा, जातं, सगळं शाबूत. नुसतं एकदा कल्हई-चिंचेचं काम निघतं. म्हणजे चूल-बोळकी तीन पिढ्या टिकतात आणि परीचा झगा तीन आठवडे. कारण भातुकली खेळण्यासाठी केली होती, दाखवण्यासाठी नाही.

कपड्यांचंही तसंच. आपले जुने कपडे जरा इंजिनियरच्या नजरेने बघा. बाराबंदी. बटण एक नाही, नुसते बंद. पोर वाढलं की बंद सैल बांधा, झालं. धोतर, उपरणं, फेटा, नऊवारी, यांना तर शिवणच नाही, मग उसवणार काय? एकच कापड आज फेटा, उद्या झोळी, परवा नदी. परकर शिवताना आजी खाली चांगली वीतभर दुमड घालून ठेवायची आणि दर वर्षी एक टीप उसवून उंची वाढवायची. "मुलं काय, भराभर वाढतात हो, टिकाऊ घेऊन करायचंय काय?" असं म्हणणाऱ्या समस्त काकूंना माझं हेच उत्तर आहे. मुलं पूर्वीही वाढतच होती. तेव्हा कपडा त्यांच्याबरोबर वाढायचा.

दुसरा आक्षेप पैशांचा. हिशोब मांडू. मी शेवटी कोपऱ्यावरच्या टेलरकाकांना गाठलं. दोन मीटर सुती पॉपलिन, नाडी, शिलाई मिळून साडेसहाशे रुपयांत एक बिनबाह्यांचा, पुढून उघडा, गुडघ्यापर्यंतचा सैल अंगरखा झाला. पांढरा असेल तर डॉक्टर, पट्टा बांधला तर मावळा, उलटा घातला तर न्हावी. काकांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. माया दोन सेंटिमीटर ठेवा, शिवणीवर दुहेरी टीप मारा आणि खिशाच्या कोपऱ्यांना जादा टाके घाला. काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "साहेब, हे तर आम्ही पोलिसांच्या ड्रेसला करतो." म्हटलं, बरोबर, डॉक्टर पोलिसांपेक्षा जास्त पळते. हा अंगरखा आठ महिने चाललाय आणि वॉशिंग मशीनमधून किती वेळा निघाला त्याची गणती नाही. आठवड्यातून दोनदा जरी अंगावर चढला म्हटलं तरी सत्तरच्या आसपास वेळा झाल्या, म्हणजे एका वेळेचे नऊ-साडेनऊ रुपये. भाड्याच्या कृष्णाचे एका वेळेचे साडेतीनशे. आता स्वस्त काय ते तुम्हीच ठरवा.

बाह्या हव्या असतील तर बगलेत एक चौकोनी तुकडा घालून घ्या, हात वर केला तरी ओढ बसत नाही. विजारीलाही दोन पायांच्या मध्ये तसाच तुकडा. जिरेटोपाला पुठ्ठा नको, आत बकरम घाला. वाघाला सॅटिन नको, जुनी सोलापुरी चादर द्या. खरंच सांगतो, चादरीचा वाघ मी पाहिलाय, भीती वाटते! कापड निवडताना नव्यापेक्षा जुनं बरं, कारण धुऊन धुऊन जेवढं आटायचं तेवढं ते आधीच आटलेलं असतं. नवं सुती घेतलंत तर आधी एक रात्र पाण्यात भिजवा, मग शिंप्याकडे न्या. घरात पडलेल्या ओढण्या, आजोबांचं धोतर, बाबांचे कॉलर विरलेले शर्ट (बाह्या कापल्या की झाला कोट) यांची एक पेटी करा आणि ती मुलांच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवा.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे १९५७ मध्ये अनुताई वाघांच्या साथीने कोसबाडला ग्रामीण, आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं जे काम उभं केलं, त्यात माँटेसरीची महागडी साधनं बाजूला ठेवून आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर भर दिला होता. त्यांना जे पाऊणशे वर्षांपूर्वी समजलं ते आमच्या वातानुकूलित शाळांना अजून समजलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी चेष्टा करणार नाही, ती म्हणजे आग. २०१४ साली ब्रिटनमध्ये एका प्रसिद्ध टीव्ही निवेदिकेच्या आठ वर्षांच्या मुलीचा हॅलोविनचा चेटकिणीचा पोशाख मेणबत्तीला लागला आणि ती गंभीर भाजली. असे पोशाख तिथे कपड्यांत नाही, खेळण्यांत मोडतात आणि रात्रीच्या कपड्यांचे कडक नियम त्यांना लागू नव्हते, यावर मग मोठा गदारोळ झाला. आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि खेळण्यांच्या ज्वलनशीलतेचं जे मानक आहे (आयएस ९८७३, भाग २) त्यात वेशभूषेच्या पोशाखांचाही विचार केलेला आहे. मी आणलेल्या तीन पोशाखांपैकी एकावरही कसलं चिन्ह नव्हतं. दिवाळीत दारात पणत्या, किल्ल्यावर पणत्या, आणि त्यात घेरदार नेटचा झगा घातलेलं पोर! पॉलिएस्टर जळताना वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुती कापड वितळत नाही, पण ते पेटत नाही असा गैरसमज करून घेऊ नका, चांगलंच पेटतं. दिव्याजवळ जायचं असेल तर घोळदार वेश उतरवून ठेवायचा, मग तो माझा अंगरखा का असेना.

आणि गळ्याशी नाडी नको. सुपरमॅनची झूल असो नाहीतर राजाची शाल, घसरगुंडीवर कुठे अडकली तर फास बसतो. युरोपातल्या मानकात सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्यांना गळ्याशी नाड्या चालतच नाहीत. ओढ बसली की सुटेल असा वेल्क्रोचा छोटा तुकडा तिथे लावायचा. वेल्क्रोला मघाशी शिव्या घातल्या, पण ही एक जागा त्याची हक्काची.

राहता राहिल्या शाळा. त्यांच्याकडे माझं मागणं एवढंच आहे. चिठ्ठीत दोन दिवसांऐवजी महिनाभर आधी कळवा आणि खाली एक ओळ वाढवा : 'वेश घरातल्या वस्तूंचा असावा, विकतचा किंवा भाड्याचा चालणार नाही.' बक्षीस द्यायचं तर जो सगळ्यात जास्त वेळ त्या वेशात खेळला त्याला द्या. स्टेजवरच्या दोन ओळींनंतर मुलांना मैदानावर अर्धा तास सोडा आणि बघा किती कृष्ण शाबूत परत येतात. ताईच्या शाळेच्या पालकसभेत मी हे बोललो, तेव्हा एक बाबा म्हणाले, "अहो, पण फोटो चांगले येत नाहीत त्या घरच्या कपड्यांत." पुढची सभा दिवाळीनंतर आहे. ताईच्या जागी पुन्हा मीच जाणार आहे. चादरीचा वाघ बरोबर नेईन.