बावटा फक्त बंदरावरच का?




समुद्र खवळणार असे दिसले की कोकणात बंदरावर तीन नंबरचा बावटा चढतो. होड्या किनाऱ्याला लागतात, गेटवेहून मांडव्याला आणि घारापुरी बेटाला जाणाऱ्या लाँच थांबवल्या जातात. त्या दिवसाची कमाई बुडते, तरी हा नियम नको असे कुणी म्हणत नाही. पुणे जिल्ह्यातल्या आमच्या चाकण औद्योगिक पट्ट्यात मात्र तेवढाच वारा सुटला तरी काय थांबवायचे आणि कुणी थांबवायचे, हे ठरलेले नाही. ते ठरले पाहिजे, यासाठी हे पत्र.

एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या ढगातून थंड हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आदळून चहूकडे पसरते. त्यामुळे पावसाच्या आधी धूळ येते. मोशी, चिंबळी, कुरुळी भागात पुणे-नाशिक महामार्गाच्या साइडपट्ट्यांवरची माती आणि बांधकामांवर उघडे पडलेले मुरुमाचे ढीग या वाऱ्याला आयतेच सापडतात. शिफ्ट सुटलेली असते आणि दुचाकीवरच्या कामगाराला पुढचा ट्रेलर दिसत नाही. तो आडोसा शोधतो, तेव्हा जवळ असते एखादे होर्डिंग नाहीतर पत्र्याची शेड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

पिंपरी-चिंचवडमधल्या किवळ्यात १७ एप्रिल २०२३ रोजी वारा-पावसात आडोशाला थांबलेल्या पाच जणांचा होर्डिंगखाली जीव गेला. १३ मे २०२४ रोजी मुंबईत धुळीचे वादळ आले आणि घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर १२० बाय १२० फुटांचे होर्डिंग कोसळले. १७ माणसे गेली. दोन्ही वेळा बेकायदा होर्डिंगची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण अशा वाऱ्यात माणसांनी कुठे थांबावे आणि कुठली कामे बंद करावीत, हा प्रश्न मागेच राहिला.

समुद्रावरचे वादळ आपल्याकडे येत नाही, असेही समजू नये. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि घाट ओलांडून आपल्या खेड तालुक्यातल्या घरांचे पत्रे उडवून गेले.

इशारे मिळत नाहीत, अशी माझी तक्रार नाही. हवामान खाते पुढच्या तीन तासांचा जिल्हावार अंदाज देते, त्यात वाऱ्याचा वेगही असतो. विजांची सूचना देणारे ‘दामिनी’ ॲप तर पुण्याच्याच उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केले आहे. पण इशारा मोबाइलवर पडून राहतो, कारण तो पाळण्याचे बंधन कुणावरच नाही. आणि नुसता इशारा पुरत नाही, हे समुद्रानेच दाखवले आहे. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाची सूचना आधी मिळूनही बॉम्बे हायजवळचा ‘पी-३०५’ हा बार्ज वेळेत सुरक्षित जागी गेला नाही. तो बुडाला आणि ७० हून अधिक कामगार दगावले.

जिल्ह्याच्या अंदाजावर गावोगावचे कारखाने कसे बंद करणार, असे उद्योजक विचारतील. कारखाने बंद करा, असे मी म्हणतच नाही. उघड्यावरची क्रेन, छपरावरचे पत्र्याचे काम, परांची, होर्डिंगवरची चढाई आणि उंच माल भरलेल्या गाड्या, एवढेच तासभर थांबवावे. अंदाज कधी चुकेल आणि तास वाया जाईल. पण मच्छीमाराचा अख्खा दिवस वाया जातो आणि तो ते सोसतो. त्याच्या मानाने आमचा तास फार मोठा नाही.

जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि २००५ च्या कायद्याने त्यांना आदेश काढण्याचे अधिकार आहेत. त्यांनी एमआयडीसी, पीएमआरडीए आणि महामार्गाच्या अधिकाऱ्यांना सोबत घेऊन येत्या उन्हाळ्याआधी तीन गोष्टी कराव्यात. वाऱ्याच्या किती वेगाला कोणते काम थांबेल, हे लेखी ठरवावे. इशारा आला की प्रत्येक कारखान्याच्या गेटवर आणि महामार्गाच्या चौकांत भोंगा वाजावा. साइडपट्ट्या पक्क्या करून मातीचे ढीग झाकणे बंधनकारक करावे. परराज्यातून आलेल्या कंत्राटी मजुराला मराठी अंदाज वाचता येणार नाही, पण भोंगा त्यालाही कळेल.

आपला,
एक वाचक
कुरुळी, ता. खेड, जि. पुणे